होणाऱ्या मेव्हण्याचा ब्लॉग

कोथरूडमधल्या एका वाचनालयाने मला भाषणाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता, ‘ब्लॉगलेखनाचे वैयक्तिक फायदे’. श्रोते बहुतेक निवृत्त. काही जण पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी अर्धा तास आधी येऊन बसले होते. मी पाऊण तास बोललो. रोज लिहिल्याने हात वळतो, मनातला गुंता सुटतो, अनोळखी माणसं जोडली जातात, नोकरीत उपयोग होतो, असं सगळं. माझं लग्नसुद्धा ब्लॉगमुळेच जमलं हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी एक आजोबा काठी टेकत उभे राहिले.

“फायदे समजले. तोटा काही?”

“नाही,” मी म्हणालो. “निदान माझा तरी नाही.”

दुसऱ्या रांगेत माझी ताई बसली होती. तिला मी बोलावलं नव्हतं. पेपरातल्या कार्यक्रमांच्या यादीत नाव वाचून ती बिबवेवाडीहून दोन बस बदलून आली होती. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहा घेताना ती म्हणाली, “छान बोललास. मला वाचायचाय तुझा तो ब्लॉग. कधी दाखवला नाहीस.”

“आता तो नाहीये, ताई. काढून टाकला.”

“छापून ठेवला असशील. तू फेकणारा नाहीस काही.”

हे खरं होतं. कपाटात वरच्या फळीवर एक निळी फाईल होती. त्या फाईलमध्ये काय आहे हे माझ्याखेरीज कुणाला पूर्ण ठाऊक नव्हतं, आणि ते ताईला कळू नये यासाठी मी इतकी वर्षं ज्या सफाईने गप्प राहिलो तितक्या सफाईने दुसरं कुठलंच काम केलेलं नाही.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. वडिलांची सरकारी खात्यात बदली झाली म्हणून पुण्यात आलो, बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहिलो. मी तेव्हा सातवीत होतो. पहिल्याच दिवशी वर्गात ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हणालो. पुढचे कित्येक महिने मला त्याच नावाने हाक मारली जायची. मी दिवाळीपर्यंत पुण्याचं मराठी बोलायला लागलो, इतकं नीट की नंतर मीच इतरांच्या चुका काढायचो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती शाळेत गणित शिकवायला लागली तेव्हा फळ्यासमोर शुद्ध बोलायची आणि घरी आली की चपलेबरोबर ते शुद्ध बोलणंही दाराशी काढून ठेवायची. मला त्याची लाज वाटायची. घरी मित्र आले की मी तिला आत पाठवायचो.

पुढे मला हिंजवडीत नोकरी लागली आणि आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. आईच्या डोक्यात एकच होतं, पत्ता चांगला असला की स्थळं चांगली येतील. ताई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. स्थळं आली, पण ती आमच्याच बाजूची. पिंपरी, भोसरी, चाकणला कारखान्यांत लागलेले वऱ्हाडातले मुलगे. त्यांच्याबरोबर गावाकडून आलेले बाप, काका, आत्या. दर दोन-तीन रविवारी आमच्याकडे दाखवण्याचा कार्यक्रम असायचा. आई पोहे करायची, ताई ट्रे घेऊन यायची आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांना बघायचो.

तेव्हा ब्लॉगचं नवं खूळ आलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अर्धी माणसं कुणाचा ना कुणाचा ब्लॉग वाचत बसायची. मराठी टाइप करणं हे तेव्हा दिव्य होतं. एका मशीनवर नीट दिसणारा मजकूर दुसऱ्या मशीनवर नुसत्या चौकोनांची रांग होऊन उमटायचा. मी दोन आठवडे खटपट करून ते जमवलं आणि मग काहीतरी लिहायला पाहिजे म्हणून समोर होतं ते लिहिलं. पहिला लेख एका मुलाच्या काकांवर होता. त्यांनी आमच्या सोफ्याचा स्पंज दाबून बघितला होता. मी स्वतःचं नाव घातलं नाही. लेखकाच्या जागी लिहिलं, ‘होणारा मेव्हणा’.

पहिल्या आठवड्यात तो सतरा जणांनी वाचला. दोन महिन्यांनी पानाखालचा तो आकडा मी दिवसातून दहा वेळा बघायला लागलो होतो. लोकांना हवं तेच माझ्याकडे होतं. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचे हेल, त्यांचे ‘बाप्पा’ आणि ‘मले-तुले’, नवीन शर्टाला राहिलेल्या टाचण्या, बुटांबरोबर घातलेले पांढरे मोजे. पुण्याची माणसं हसून हसून पुरेवाट व्हायची. ‘तुम्ही अस्सल पुणेकर दिसता,’ असं एकाने लिहिलं होतं. तो अभिप्राय मी कितीदा वाचला असेन! मला इतकं थेट कुणीच शाबास म्हटलं नव्हतं.

म्हणजे फायदा झाला, हे मी वाचनालयात खोटं सांगितलं नाही. मी नीट बघायला शिकलो. छोटं वाक्य लिहायला शिकलो. दिवसभर कॉलवर साहेबांचं ऐकून घेतल्यावर उरणारा सगळा कडूपणा तिथे ओतता यायचा आणि मी घरी शांत असायचो. आई म्हणायची, “हल्ली चिडत नाही हा.”

फक्त एक गोष्ट हळूहळू उलटी व्हायला लागली. स्थळ नाकारलं गेलं की घरात सगळे मलूल व्हायचे आणि मी मनात म्हणायचो, म्हणजे अजून एक रविवार मिळाला.

ताई एकतीसची झाल्यावर एक स्थळ आलं. मुलगा भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. वय पस्तीस, पुढचे केस विरळ, आवाज हळू. बरोबर वडील आणि आत्या. वडिलांनी स्वतःच्या लग्नातला सूट घातला होता. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती, म्हणून ते सगळा वेळ एका हाताने कोट धरून बसले होते. पोहे खाताना त्यांनी कोट सोडला, बशी धरली, आणि मग पुन्हा कोट धरला. मी मनात टिपून घेतलं.

मुलाने पोहे संपवले आणि तो एकदम उठला. आई घाबरली. तिला वाटलं चालला. तो बशी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. ताई ट्रे ठेवून आतच उभी होती. नळाचा आवाज आला. आम्ही बाहेर एकमेकांकडे बघतोय. मग त्याचा तो हळू आवाज ऐकू आला, “पालथी ठेवू की उताणी?”

आणि ताई हसली. मोठ्याने, खळखळून, आधीच्या कुठल्याही कार्यक्रमात हसली नव्हती तशी. बाहेर आईने डोळे मिटून घेतले.

मुलाचे वडील ओशाळून म्हणाले, “त्याले सवय हाय जी. याची माय हा चार वर्षांचा होता तवाच गेली. घरात बाईमाणूस नाही. आम्ही बापलेक आपापली बशी आपणच इसळतो.”

ते गेल्यावर ताईने ती बशी स्टँडवरून काढली नाही. बाकीची भांडी आवरली, ती एक तशीच राहू दिली. संध्याकाळी मध्यस्थ काकांचा फोन आला. मुलाला पसंत आहे, पत्रिका जुळतेय, पुढच्या रविवारी बोलणी करायला येतो म्हणाले. वडिलांनी ताईला विचारलं. ताई म्हणाली, “मले काय विचारता? या म्हणा त्यांना.” आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेली. कपडे दुपारीच काढून झाले होते.

हे सगळं मला माहीत होतं. इथे मी कुठलीही पळवाट ठेवत नाही. फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ताईला तो आवडलाय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला ठेवून लेख लिहिला, ‘बशी विसळणारा’.

का लिहिला, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं देत आलोय. कधी म्हटलं, सवयीने. कधी म्हटलं, ती माणसं कुठे वाचणार आहेत. खरं कारण लहान आणि घाण आहे. हे लग्न जमलं असतं तर होणारा मेव्हणा खरा मेव्हणा झाला असता आणि ब्लॉग संपला असता. जाता जाता हा एक चांगला लेख मला वाया घालवायचा नव्हता.

लेख चांगला झाला होता, हेही सांगतो. ‘मुलाने पोहे संपवले आणि तो उठला. आम्हाला वाटलं, नकार. तो बशी घेऊन आत गेला. आम्हाला वाटलं, अजून पोहे. मग नळाचा आवाज आला आणि उलगडा झाला. आम्ही जावई बघायला बसलो होतो, आणि आला होता भांडीवाला.’ वडिलांचा कोट होता, आत्याची सुपारीची डबी होती, ‘इसळतो’ हा शब्द होता. मुलाची आई तो चार वर्षांचा असताना गेली, हे नव्हतं. ते घातलं असतं तर कुणी हसलं नसतं. मी ते विसरलो नव्हतो, काढून टाकलं होतं.

त्या काळी चांगला मजकूर दिसला की लोक तो कॉपी करून मेलने पुढे पाठवायचे. बुधवारी माझाच लेख माझ्याच मेलवर परत आला. दुसऱ्या टीममधल्या एकाने शंभरेक लोकांना पाठवला होता. वर लिहिलं होतं, ‘वाचाच! हसून मराल.’ मी त्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोन वेळा चहा घेतला आणि दोन्ही वेळा शेजारच्या टेबलावर बशीचा विषय चालला होता. सांगायचा फार मोह झाला की तो मीच.

गुरुवारी लेखाखाली एक अभिप्राय आला. नाव नव्हतं.

‘पोहे चांगले झाले होते. करणाऱ्यांना सांगावे.’

बस्स, इतकंच. शिवी नाही, शब्द चढा नाही. मी तो अभिप्राय पुसला. मग खाली हात धुवायला गेलो आणि नळ तसाच चालू ठेवून उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, “साहेब, धरण रिकामं करताय का?”

शुक्रवारी काकांचा फोन आला. नकार. कारण विचारू नका म्हणाले.

वडिलांनी रिसीव्हर ठेवला. आईने ताईकडे बघितलं. ताई शाळेची साडी इस्त्री करत होती.

“हसलीस ना तू,” आई म्हणाली. “तरी सांगत होती, खिदळू नको बाप्पा चार लोकांत. एवढ्या जोरात हसते का कोणी? त्यांना वाटलं असंल, पोरीले काही धरबंध नाही.”

 इस्त्री एकाच जागी इतकी राहिली की साडीवर तपकिरी डाग पडला. मी कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीत होतो. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, “प्लग काढ, ताई. साडी जळेल.”

त्यानंतरच्या कार्यक्रमांत ताई तोंडाला पदर लावून बसायला लागली. मग पदरही लागेना, कारण हसणंच थांबलं. ‘मुलगी फार गंभीर वाटते’, असे निरोप येऊ लागले. दोन वर्षांनी तिनेच वडिलांना सांगितलं की आता कुणाला बोलावू नका. पुढे ती बिबवेवाडीला परत गेली. शाळा जवळ पडते, हे कारण.

माझं मात्र उत्तम चाललं. एका दैनिकाच्या पुरवणीत सदर मिळालं. ऑफिसात साहेबांना कळलं की हा लिहितो, म्हणून परदेशी ग्राहकांची पत्रं माझ्याकडे आली, पत्रांपाठोपाठ बढती आली आणि बढतीपाठोपाठ परदेशी वारी. माझ्यासाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा आम्ही दोघंच गॅलरीत असताना मुलीने विचारलं, “तो बशीवाला लेख तुमचा? आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे!” ती आता माझी बायको आहे. आम्ही कुणाकडे जेवायला गेलो की ती अजून तो किस्सा सांगते. ताई त्या घरी नसली की सांगते. एवढं तिला मी बजावून ठेवलंय, का ते न सांगता.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटचे चार महिने ती ताईकडेच होती. मी शनिवारी दुपारी जायचो, फळं घेऊन. एकदा मी पलंगाशी बसून मोसंबी सोलत होतो आणि ताई आईचे पाय चेपत होती. आईने तिच्याकडे बघून म्हटलं, “तू त्या दिवशी हसली नसतीस ना, तर आज तुझंही कोणी असतं. मी जाईन आता. कोण बघंल तुले?”

ताई म्हणाली, “हो आई. चुकलंच माझं.”

मी मोसंबीच्या फोडीवरचा पांढरा दोरा ओढून काढला. मग दुसरा काढला. सगळ्या फोडी स्वच्छ करून बशीत लावून ठेवल्या. आईने दोनच खाल्ल्या.

तर वाचनालयातल्या भाषणानंतरच्या शनिवारी मी निळी फाईल घेऊन बिबवेवाडीला गेलो. दुपारचे चार वाजले होते. ताईने चहा केला. मी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “तुझ्या कार्यक्रमांवर लिहायचो, ताई. तो भोसरीचा मुलगा होता ना, त्याच्यावरही लिहिलं. त्याने ते वाचलं.”

तिने चष्मा पुसला. “वाच,” म्हणाली.

“तूच वाच ना.”

“लेखक तू आहेस. वाच.”

मी वाचायला लागलो. माझाच लेख, माझ्याच आवाजात, एका माणसासाठी. कोट आला, सुपारीची डबी आली. तिचा चेहरा वर्गात उत्तर तपासताना असतो तसा होता. भांडीवाला आला तेव्हा ती म्हणाली, “हं.” तळाची ओळ आली तेव्हा मी पान उलटलं आणि पुढच्या परिच्छेदापासून सुरू केलं.

“थांब. ती ओळ काऊन सोडली?”

“कुठली?”

“मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासते. कोण ओळ गाळून वाचतं ते मला कळतं. दे इकडे.”

तिने कागद घेतला, लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, “मुलगी हसली. एकतीस पूर्ण झाली की मुली नळाच्या आवाजालाही हसतात.”

खाली रिक्षा कुणाची तरी वाट बघत भुर्रभुर्र करत होती. ती गेली तरी ताई कागदाकडेच बघत होती.

“तो काही म्हणाला?”

मी तो अभिप्राय सांगितला. शब्दन् शब्द पाठ होता.

“पोहे आईने केले होते,” ती म्हणाली. “मी नुसती कोथिंबीर चिरली.” मग चष्मा काढून टेबलावर ठेवत, “म्हणजे माझ्या हसण्याचं काही नव्हतं.”

“नाही.”

“तो हसण्यावर नाराज नव्हता.”

“नाही, ताई. त्याला तर…”

“तू नको सांगूस त्याला काय वाटलं ते. मी तिथे होते.” तिने कागद घडी करून पुन्हा उलगडला. “आईला सांगायचंस. मला नाही तर नाही. आईला सांगायचंस. मोसंबी सोलत होतास तेव्हा तरी. ती तेच घेऊन गेली.”

मी म्हणालो, मला माफ कर.

“ते तुझ्या फायद्याचं झालं,” ताई म्हणाली. “माझ्याकडे आता त्याचं काय काम?”

मी उठायला लागलो. तिने फाईल माझ्याकडे सरकवली. तो एक कागद तेवढा स्वतःजवळ ठेवला.

“त्या वाचनालयात पुन्हा जा. ते आजोबा उभे राहिले होते ना, त्यांना सांग तोटा काय झाला तो.”

“तिथे नाही बोलता येणार मला.”

“हो, तुला बोलता येत नाही. मग लिही. ते तर छान येतं तुला, टाळ्या पडतात. माझं नाव नको, त्याचं नको, तुझंही नको. पण ओळी गाळू नको.”

म्हणून हे लिहिलं. जमेल तेवढ्या ओळी ठेवल्या आहेत. लिहून हलकं वाटेल असं मी त्या भाषणात छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं काही वाटलेलं नाही, आणि वाटलं तर ते मी ताईला सांगणार नाही.

त्या शनिवारी दाराशी चपला घालत होतो तेव्हा ती आतून म्हणाली, “कप?”

मी मागे फिरलो. माझा कप टेबलावरच होता. तो घेऊन मोरीशी गेलो आणि विसळला. पन्नाशीला आल्यावर, तिच्या घरात पहिल्यांदा. स्टँडवर पालथा ठेवायचा की उताणा, ते मला माहीत नव्हतं. ताई माझ्या मागेच उभी होती आणि मला तिला ते विचारता येणार नव्हतं. मी तो पालथा ठेवला आणि निघालो. जिना उतरताना वर कपाचा आवाज आला. ताईने तो पुन्हा विसळायला घेतला होता.